अर्धा सूर खाली

परदेशातल्या सभागृहांत मी इतकी वर्षं पियानो वाजवला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्यातली एकही मैफल मला स्वतःला सुरात ऐकू आलेली नाही. हे सांगितलं की लोक कौतुकाने हसतात. नम्रपणा म्हणे. डोंबलाचा नम्रपणा.

आमच्या गिरगावच्या घरी आजोबांनी एका साहेबाच्या लिलावातून आणलेला पियानो होता. तो सुरात लावायला माझगावहून एक अंकल येत. एरवी गोदीत नोकरी, सुट्टीच्या दिवशी पियानो. तारा जुन्या झालेल्या, नव्या परदेशातून यायच्या आणि परवान्याशिवाय मिळायच्या नाहीत. ताण पडून तुटल्या तर संपलंच, म्हणून अंकलनी अख्खा पियानो अर्धा सूर खाली लावून ठेवला होता. माझगावात मी ज्यांच्याकडे शिकायला जायची त्या टीचरचा पियानोही अंकलच लावत, तोही तसाच. टीचरना हे माहीत होतं, पण त्यात सांगण्यासारखं काय, असं त्यांना वाटलं असणार. मला कुणी बोललं नाही. माझ्या कानात मात्र पाचव्या वर्षापासून एकेका पट्टीचा सूर पक्का बसला, आणि तो चुकीचा बसला.

शिष्यवृत्तीसाठी मुलं निवडायला विलायतेहून परीक्षक आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. फोर्टमधल्या हॉलच्या मोठ्या पियानोवर आधी दोन दिवस सराव मिळणार होता. नेमकी त्याच दोन दिवसांत गिरगावात संचारबंदी लागली. खाली अश्रुधूर, संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा, आणि खिडकीशी उभे राहून बाबा त्याच घोषणा पुटपुटत होते. माणसं मरत होती, तिथे माझ्या सरावाचं रडगाणं कुणापुढे गाणार? मी दार आपटून घेतलं, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी संचारबंदी सैल झाली आणि बाबांनी मला चालत हॉलवर नेलं. मी बसले, पहिली पट्टी दाबली आणि शेजारच्या पट्टीचा सूर आला. दुसरी दाबली, तेच; हा पियानो आमच्यापेक्षा अर्धा सूर वर लावलेला होता. आईला हाक मारावी आणि शेजारच्या काकूंनी ओ द्यावी, तसं. बोटं बरोबर पडत होती आणि कान ओरडत होते, चुकतेयस. दोनदा अडखळले. परीक्षकांनी पेन्सिल उचललेली दिसली आणि डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, खड्ड्यात गेले कान. ऐकणंच सोडून दिलं आणि नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत वाजवून टाकलं.

माझी निवड झाली. सुरुवात डळमळीत होती, पण नंतरचा संयम या वयात दुर्मीळ, असं परीक्षक म्हणाले. बाबांनी वाटेत पेढे घेतले. माझा पेढा मी पुडीत परत ठेवला. ज्याची एवढी तारीफ झाली ते वाजवणं मी ऐकलंसुद्धा नव्हतं.

तिकडे शिकले, मैफली मिळाल्या, नाव झालं. कान वळवायचा खूप प्रयत्न केला, मेला वळलाच नाही. मग दर वेळी तेच: बसायचं, ऐकायचं नाही, वाजवायचं. एकच आस होती. घरी जायचं आणि आपल्या पियानोवर हे सगळं एकदा, फक्त एकदा, माझ्या कानाला हवं तसं ऐकायचं. त्यासाठी दिवस मोजत होते.

पाच वर्षांनी आले. राज्य झालं होतं, बाबा खुशीत होते. चहाला थांबायचा मला धीर नव्हता, तशीच पियानोकडे गेले. बाबा म्हणाले, "थांब, झाकण मी उघडतो." आत नव्या कोऱ्या तारा. वर्षभर खटपट करून बाबांनी त्या मागवल्या होत्या आणि अंकलनी तीन दिवस बसून पियानो अर्धा सूर वर चढवला होता. "तुझ्या तिकडच्यासारखा झालाय बघ आता. केसभर फरक नाही. वाजव."

अंगाची नुसती लाही झाली. पण ओरडू कुणावर? बाबा खुर्ची ओढून समोर बसले होते. पुन्हा खाली उतरवा म्हणायला जीभ रेटेना. मी अख्खी रचना वाजवली, न ऐकता. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "अजून एक."

तेही वाजवलं.