न पुसलेले ठोकळे

रुवायदा सालीला फसवणं सोपं नव्हतं. अथलोन नावाच्या वस्तीतल्या तिच्या गल्लीत मासेवाला भोंगा वाजवत आला की बाकीच्या बायका स्नूक मासा उचलून घरी न्यायच्या. ही आधी कल्ले उचकटणार, वास घेणार, आणि मग मासेवाल्याच्या तोंडाकडे टक लावून बघणार.

"ताई, मेलाय तो मासा, मी नाही!" तो म्हणायचा. ही हसायची नाही.

या संशयाने एकदा तिचं मोठं भलं केलं होतं, म्हणून तो तिच्याच्याने सुटत नव्हता. लेक इल्हाम दीड वर्षाची असताना दवाखान्याने तिला 'सर्दी आहे' म्हणून पुन्हा पुन्हा घरी पाठवलं. शेवटी रुवायदा तिथल्या खुर्चीवरून उठलीच नाही. तेव्हा कुठे तपासण्या झाल्या आणि कळलं की पोरीचं हृदय फुगून निकामी होत चाललंय. मोठ्या इस्पितळात कित्येक महिने यंत्रांवर काढल्यावर कुणा दुसऱ्या लेकराचं हृदय तिला बसवलं, आणि इल्हाम जगली.

शरीराने ते परकं हृदय नाकारू नये म्हणून जन्मभराची औषधं आली. त्यांनी रोगाशी झगडायची ताकद कमी होते, एवढं ऐकलं आणि रुवायदाने स्पिरिटची बाटली हाती घेतली ती खाली ठेवलीच नाही. चमचा पूस, कडी पूस, बाहुली पूस. पुढे डॉक्टर म्हणाले, "आता तिला चार मुलांत सोडा." रुवायदाने मान हलवली आणि त्यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही.

इल्हाम सहाची झाली. जानेवारीत शाळा सुरू झाल्या की गल्लीतल्या शाळेत जायचं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला मंद मुलांच्या शाळेत, हे आता इस्पितळातल्या नोमवुयोबाईंच्या तपासणीवर ठरणार होतं.

"हृदय बदललेल्या मुलांची समज कशी वाढतेय ते आम्ही बघत राहतो," नोमवुयोबाई म्हणाल्या. "काही मुलं थोडी मागे पडतात. लवकर कळलं तर मदत करता येते. तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेर बसा म्हटल्यावर रुवायदाच्या मनात पाल चुकचुकली. ती दाराला कान लावून उभी राहिली. "इल्हाम, हे लाल ठोकळे असे रच बघू," एवढंच आतून आलं. पुढे सगळं चिडीचूप.

"तिने एकाही ठोकळ्याला हात लावला नाही," बाहेर येऊन बाई म्हणाल्या. "यावरून म्हणायचं तर ती फारच मागे आहे. पण मला आजचं काही खरं वाटत नाही. ईदनंतर परत आणा."

रुवायदाच्या डोक्यात पहिलं तेवढं राहिलं. "माझ्या पोरीला वेडी ठरवायला बसल्यात," ती घरी येऊन कडाडली.

नवरा इहसान टॅक्सी चालवायचा. तो म्हणाला, "अगं, परत बोलावलंय ना त्यांनी?"

"तेच तर! एकदा ठरवून समाधान झालं नाही त्यांचं."

पण त्याहून वाईट संशय तिने इहसानलाही सांगितला नाही. पोरीला न्हाऊ घालताना छातीवरच्या व्रणावर तिचा हात थबकायचा. ते दुसरं लेकरूच मंद असेल तर? त्याचं ते हिच्यात आलं असेल तर? ज्याच्या जिवावर आपली पोर जगली त्याच्यावरच संशय घेतो आहोत, हे कळून तिला स्वतःची किळस यायची. तरी हात थबकायचाच.

रमजान आला. रोजा सोडायच्या आधी गल्लीतली पोरं झाकलेल्या ताटल्या घेऊन या घरातून त्या घरात पळू लागली. आलेली ताटली रिकामी परत जात नाही. रुवायदा परक्या घरचं सगळं इहसानच्या पोटात ढकलायची आणि ताटल्या धुऊन एकावर एक रचायची. एका संध्याकाळी ताटल्यांत समोसे भरायला बसली तर कुठली ताटली कुणाची, काही उमगेना.

"निळ्या काठाची समोरच्या आंटी मायमूनाची," खिडकीपाशी बसलेली इल्हाम म्हणाली. "टवका उडालेली कोपऱ्यावरच्या घरची. फुलांची पण त्यांच्याकडूनच आलीय, पण ती त्यांची नाही. मंगळवारी आंटी मायमूनाने त्यांना दिली होती, भजी घालून."

रुवायदाच्या हातातला समोसा हातातच राहिला. "तुला गं काय माहीत?"

"मी रोज बघते ना खिडकीतून."

"मग त्या बाईंसमोर काय झालं होतं तुला? ठोकळ्यांना हात का नाही लावलास?"

"त्यांनी पुसलेच नव्हते," इल्हाम म्हणाली. "आणि दाराखालून तुझे बूट दिसत होते. मला वाटलं, मी हात लावते का ते बघायला तू उभी आहेस."

रुवायदाने हातातला समोसा खाली ठेवला. जगभर चोर शोधत फिरलो आणि पोरीचे हात आपणच बांधले, हे तिला कळलं. तिने निळ्या काठाची ताटली भरून लेकीपुढे धरली. "जा, देऊन ये."

"पुसलीय?"

"नाही. तशीच ने."

इल्हामने आईकडे मासा निरखावा तसं बघितलं आणि ताटली घेतली. रस्ता ओलांडताना ताटली कलली, एक समोसा घरंगळला. रुवायदा धावली नाही.

ईदनंतर दोघी परत गेल्या. खोलीत शिरताना इल्हाम वळून म्हणाली, "मम्मी, दारामागे नाही हं. तिकडे, बाकावर."

रुवायदा लांबच्या बाकावर जाऊन बसली. स्पिरिटची बाटली घरीच होती, त्यामुळे हातांचं काय करावं ते तिला सुचेना.

बऱ्याच वेळाने नोमवुयोबाई इल्हामला घेऊन आल्या. "बोलणं, लक्षात ठेवणं वयाला साजेसं आहे. हात मात्र मागे आहेत. चित्र काढणं, तुकडे जुळवणं तिला जड जातंय, त्यासाठी शिकवावं लागेल. पण गल्लीतल्या शाळेत खुशाल घाला."

"खरं सांगताय ना?" रुवायदाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"खरं सांगतायत, मम्मी," इल्हाम म्हणाली. "मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं."

बाई मोठ्याने हसल्या. रुवायदाला हसू नाही आलं. पोर आपल्याकडून काय शिकली ते तिला दिसलं, आणि तिथे सगळ्यांसमोर ती रडली.