सात नंबरचं पिंप

चमत्कार सिद्ध करून दाखवा आणि मोठं बक्षीस घेऊन जा, असं आव्हान कराडच्या विवेक मंडळानं दिलं त्याला आता बरीच वर्षं झाली. बक्षीस अजून कुणी नेलेलं नाही. भूत उतरवणारे येऊन गेले, डोळे बांधून वाचणारे आले, एकजण तर बसल्या जागेवरून वीतभर वर उठतो म्हणून आला आणि चटई तेवढी चुरगाळून गेला. पण मंडळाला खरा ताप या लोकांचा नव्हताच. ताप होता तो बक्षिसावर टीका करणाऱ्यांचा. अटीच अशा घातल्यात की कुणी जिंकू नये, पंच तुमचेच, बक्षीस नुसतं दाखवायला, अशी त्यांची तक्रार असायची. त्यांना तोंड द्यायचं काम सुभेदार हंबीररावांकडं होतं.

हंबीरराव फौजेतून निवृत्त होऊन आलेले, घरचा ऊस बघून उरलेला सगळा वेळ मंडळाला देणारे. टीकाकाराचं म्हणणं ऐकण्याआधी ते माणूस चाळून घेत. चाचणीला तू स्वतः हजर होतास का? आव्हान खोटं ठरलं तर तुझा काय फायदा? कुठली अट मोडली, तिच्यावर बोट ठेव. साताऱ्याच्या कुठल्याशा बाबांचा एक भक्त मोबाईलवर रोज मंडळाच्या नावानं शंख करायचा. हंबीररावांनी त्याला भर चौकात गाठून हे तीन प्रश्न विचारले, तर गडी मागवलेला चहा तसाच टाकून पसार झाला. उगाच नावं कशाला ठेवा, चाळण चांगली होती. बहुतेक टीका भुसाच निघायची.

त्याच चाळणीतून त्यांनी एकदा लीलाबाईंनाही काढलं.

लीलाबाईंचा नवरा धुळा हा कवठे महांकाळकडचा पाणाड्या, म्हणजे विहीर कुठं खणायची ते सांगणारा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रान चालायचा. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो असं तो मानायचा, आणि आसपासचे तालुकेही मानायचे. मंडळानं त्याला आव्हान दिलं तेव्हा एका शब्दात तयार झाला.

चाचणी ठरली जत तालुक्यात, आकारामच्या रानात. आकाराम मंडळाचा कट्टर सभासद. घरात देव्हारा नाही, दारात मेंढरं मात्र भरपूर. आदल्या दिवशी दहा पिंपं जमिनीत पुरली, नऊ वाळूची आणि एक पाण्याचं, आणि वर माती सारखी केली. पाण्याच्या पिंपाचा आकडा पाकिटात बंद केला. राखणीला आकाराम होताच. सकाळी हंबीररावांनी स्वतः धुळाला घरून जीपमध्ये घातलं आणि वाटेत कुणाशी एक शब्द बोलू दिला नाही. बंदोबस्त असा की मुंगीला आत यायचं तर पास लागला असता.

आधी सगळ्यांच्या देखत भरल्या घागरीवर नारळ धरून बघितला, तो उभा राहिला. धुळा म्हणाला, अटी कबूल. मग तो पिंपांच्या ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. नारळ ढिम्म हलला नाही.

"कशातच पाणी न्हाई, सुभेदार," तो म्हणाला.

माणसं हसली. हंबीररावही हसले. "पळवाट नगं काढू. एक आकडा सांगायचा, अट हाय."

"आकडा न्हाई माज्याकडं."

"सांगायलाच लागंल."

धुळानं भोवती पाहिलं. सगळे उन्हात त्याच्यासाठी खोळंबले होते, आणि माणूस भिडस्त. "मग चार लिवा," तो म्हणाला.

पाकिटातून सात निघाला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पिंप उघडून बघावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. आकडा कागदावर होता आणि जेवणं तयार होती. निघताना हंबीररावांनी एवढं बजावलं, "आकाराम, पाणी वाया घालवू नगं. सांजच्याला काढ आन् मेंढरास्नी पाज."

त्यानंतर थोड्याच दिवसांत लीलाबाई एकट्या कराडला आल्या. नवऱ्याला न सांगता आल्या होत्या. म्हणाल्या, "त्येंनी तोंडानं सांगितलं त्ये तुमी तपासलंच न्हाई. सात नंबरचं पिंप उघडून दावा."

"तुमी हुता का तितं?"

"न्हाई."

"मालक हारलाय तुमचा. मंजी आमी खोटं पडलो तर फायदा तुमचाच."

"व्हय."

"अट कुटली मोडली?"

हंबीररावांनी त्यांना चहा पाजला, एसटीत बसवून दिलं आणि त्यांचा विषय मनातून काढून टाकला. हरलेल्याची बायको, आणि जागेवर हजरसुद्धा नव्हती. यापेक्षा कच्चा टीकाकार कुठून आणायचा?

धुळाला त्यानंतर कुणी बोलावलं नाही. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन तो गेला. हंबीररावांनी ते ऐकलं, हळहळले आणि उसाला पाणी द्यायला गेले.

यंदा आकारामच्या मुलीचं लग्न झालं. पंगतीत कुणीतरी त्या चाचणीची आठवण काढली, तसा बुंदी वाढता वाढता आकाराम खदखदून हसला.

"आवं सुभेदार, त्यात पाणी कुटलं? टँकर आला नव्हता, मेंढ्या व्यालेल्या. आन् तुमी पाणी मातीत गाडून गेला! तुमची पाठ फिरली तसं उपसलं आन् माती सारकी केली. तुमी सांजच्याला पाज म्हनला, आमी आदल्या सांजंला पाजलं. येका दिसाचा तर फरक."

"आन् चाचणी रं?"

"त्याला कुटं सापडनार हुतं? तुमीच म्हनायचा, पाणाड्याच्या हातात काय नसतंय. मग पिंपात असलं काय, नसलं काय!"

सगळी पंगत हसली. हंबीररावांनी मात्र हातातला घास परत पानात ठेवला. धुळाला गावातल्या कुणी सांगितलं असेल, हा पहिला विचार. पण गावातला कुणी धुळाला भेटलाच नव्हता. जीप त्यांची, बंदोबस्त त्यांचा. धुळाला कुणी भेटलं नाही, याला ते स्वतःच साक्षीदार होते.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. माती दुसऱ्यांदा उकरलेली दिसली असेल. आकारामचा चेहरा वाचला असेल. नाहीतर नारळ नुसताच हलला नसेल. हलायचा त्याला काय धर्म आहे? सगळी कारणं पटण्यासारखी होती. तरी नळाखाली बादली लावली की शेजारी कुणीतरी अदबीनं बोलल्यासारखं वाटायचं, कशातच पाणी न्हाई, सुभेदार. ते वळून बघायचे. कुणी नसायचं, आणि बादली भरून वाहत असायची.

धुळा चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बोलल्यासारखा बोलला होता, हे त्यांना आता आठवत होतं. देवळात कुणी नारळ वाढवायला काढला की त्यांची नजर शेंडीवर खिळायची. एके दिवशी भर दुपारी बायकोनं त्यांना स्वयंपाकघरात तळहातावर नारळ घेऊन उभं असलेलं पाहिलं.

"आवं, ह्या वयात पाणाडी हुताय का काय?" तिनं चेष्टा केली. मग त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि नारळ काढून घेतला. हंबीररावांना भीती वाटत होती. गोळीबारात वाटली नव्हती एवढी वाटत होती.

शेवटी ते कवठे महांकाळला गेले. लीलाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. हंबीररावांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पिंप रिकामं होतं. तुम्ही म्हणत होता ते तपासायला हवं होतं. मंडळाच्या सभेत, पेपरात, म्हणाल तिथं मी हे सांगतो.

लीलाबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "पेपरात सांगून आता कुनाला कळायचंय," त्या म्हणाल्या. "त्येंनी तुमचं खरं मानलं हुतं. मी लय भांडले त्येंच्याशी. तर म्हनायचे, सुभेदार मिल्ट्रीतला मानूस, त्यो खोटं बोलायचा न्हाई. त्यो सातात पानी हाय म्हनतोय तर आसनार. माजाच हात खोटा."

लीलाबाई उठल्या आणि हंबीररावांना घरामागच्या रानात घेऊन गेल्या. कोरडं, पांढरट रान. मध्ये चुना लावलेला एक धोंडा. चुना बहुतेक उडाला होता.

"तुमच्याकडं यायच्या आदी हितं नारळ हुबा ऱ्हायला हुता. हीर खनायचं ठरलंवतं. तुमच्याकडनं आले आन् म्हनाले, खनू नगंस, मला आता कळत न्हाई. तवापास्नं मी टँकरचं पितीया." त्यांनी धोंड्यावरची माती पदरानं झटकली. "आता तुमीच सांगा, सुभेदार. खनू का नगं?"

एका पिंपावरून काही सिद्ध होत नाही, हे हंबीररावांच्या ओठांवर आलं. ते खरंही होतं. पण एका पिंपावरूनच त्यांनी एक माणूस खोटा ठरवला होता, म्हणून ते वाक्य बाहेर पडेना. खण म्हणावं तर कशाच्या जोरावर? नको म्हणावं तर धुळाला परत एकदा खोटं पाडायचं.

"मला न्हाई सांगता यायचं, बाई," ते म्हणाले. "मला ठावं न्हाई."

लीलाबाईंनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं.

"ठावं न्हाई?" त्या म्हणाल्या. "मग मरस्तवर त्येंनी ऐकलं त्ये कुनाचं?"