आईच्या कुरडयांनी अडवलेला ट्रक

परवा एक्स्प्रेसवेवरून जालन्याला आले. गाडी सुसाट... ना खड्डा, ना हॉर्न. नातू म्हणाला, "आजी, आता जुन्या रस्त्याला कोण विचारतंय?" मला हसूच आलं.

सत्तरच्या दशकात आम्ही जालन्यातल्या मस्तगड भागात राहायचो, घर अगदी रस्त्याला लागून. गावातून जाणारा प्रत्येक ट्रक आमच्या दारावरूनच जायचा. हंड्याला फडकं बांधलं तरी पाण्याच्या तळाशी माती सापडायची.

त्याच मातीनं आईचा घात केला. थोरल्या ताईच्या लग्नात पंगतीला आईच्या हातच्या कुरडया वाढल्या. ताईच्या सासूबाईंनी एक तुकडा तोंडात घातला, दाताखाली कचकन खडा आला... आणि भर मांडवात त्या म्हणाल्या, "विहीणबाई, कुरडईला रस्त्याची चव हाय बरं का!" सगळे हसले. आई त्या दिवशी जेवली नाही.

पुढे गावाबाहेरून नवा रुंद रस्ता झाला आणि ट्रक तिकडून जायला लागले. दुकानदार डोक्याला हात लावून बसले. आई मात्र दारात उभी राहून म्हणाली, "चला, अंगण मिळालं!"

धाकट्या ताईचं लग्न ठरलं, तेव्हा आईनं गहू भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि गरम असतानाच साच्यातून कुरडया घालायच्या... हात भाजून निघतात. आमच्या गल्लीत ऊन पडायचं ते फक्त रस्त्यावर. मग काय, शेजारपाजारच्या सात बाजा आडव्या रस्त्यात!

नऊच्या सुमारास कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक थेट आमच्या दारासमोर. ड्रायव्हर चांगला पन्नाशीचा. आई दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे उभी राहिली.

"मावशी, बरसों की आदत हाय... हात आपोआप इकडंच वळला," तो खिडकीतून म्हणाला. "मागं घेतो."

"बिलकुल न्हाई! मागं घेशील तरी धूळ उडंल. गाडी बंद कर. वाळल्या की मंग जा."

मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. पण त्यानं त्या ओल्या, पांढऱ्याशुभ्र कुरडयांकडे पाहिलं, आईच्या लाल झालेल्या हातांकडे पाहिलं... आणि इंजिन बंद केलं. "माझ्या बी पोरीचं लगीन हाय," एवढंच बोलला.

आईनं त्याला गूळ घालून वाटीभर चीक दिला. तो लिंबाच्या सावलीत बसला आणि दुपार कलेपर्यंत हातात काठी घेऊन आमचे कावळे हाकत राहिला. कुरडया वरून कोरड्या झाल्यावर बायकांनी बाजा उचलून आत नेल्या. ट्रक हळूहळू मागे गेला आणि आख्ख्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी तर नाचलेच.

लग्नात थोरल्या ताईच्या सासूबाई पहिल्याच पंगतीला. मी मुद्दाम समोर उभी. पहिली कुरडई त्यांनी जपूनच चावली... कुर्रर्र! दुसरी घेतली. तिसरी मागून घेतली. निघताना मात्र हळूच आईला म्हणाल्या, "विहीणबाई, थोड्या घरला नेऊ का?"

आईनं डबा काठोकाठ भरला, झाकण घट्ट लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्या की! रस्त्यावरच वाळवल्यात बरं का!"

त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवली. ड्रायव्हरभाऊंचं नाव विचारायचं तेव्हा राहूनच गेलं... तुम्ही कुठेही असा, आमच्या आईचा मान तुम्ही राखलात. एवढ्या वर्षांनी का होईना, मनापासून आभार.