चित्रांचा वेग

माझे काका जन्माचे खटपटे. सगळी नोकरी त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले म्हणून एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. काकू त्याला तोंडावर 'माझी सवत' म्हणायची. मग काकूला झटका आला, उजवा हात लुळा पडला, वाचा बसली, आणि घरातली थट्टाच बंद झाली.

रोज थोडे शब्द वदवून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी त्यासाठी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनच्या एका कडेने चित्र यायचं, कप, किल्ली, छत्री, चिमणी, आणि तरंगत तरंगत दुसऱ्या कडेला जायचं. ते नाहीसं व्हायच्या आत काकूने त्याचं नाव घ्यायचं.

सुट्टीच्या दुपारी मी तिथे जाऊन बसायची. खिडकीवर चादर ओढलेली, खोलीत पिवळसर उजेड, कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर. छत्री सरकत असली की मलाही गुंगी यायची. आपण कुठल्याशा पाण्याच्या काठाशी बसलोय आणि जगात कुणालाच कसली घाई नाही, असं वाटायचं. काकू ओठ जुळवत राहायची. छत्री कडेला टेकता टेकता शब्द बाहेर पडायचा आणि काकांचा चेहरा उजळायचा.

पण समोर दिसेल तेवढंच ती बोलायची. पाणी हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायची. तिने एकदा आपल्या मनातलं काहीतरी बोलावं, एवढ्यासाठी काकांचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात ते मशीन म्हणजे गोगलगाय. बटण दाबल्यापासून पहिलं चित्र येईपर्यंत काकूचा डोळा लागायचा, की त्या दिवशीचा अभ्यास बुडाला. शेवटी काकांनी जुन्या बाजारातून त्याच बोर्डावर बसणारा, जास्त वेगाचा प्रोसेसर पैदा केला.

"काका, चाललंय ते चालू द्या ना. कशाला नसती उठाठेव?"

"अगं, मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला माणूस. हे तर टेबलावरचं काम."

त्यांनी पंखा काढला, वाळलेली पेस्ट पुसली, दांडी उचलून जुनी चिप बाहेर घेतली. नवीचा कोपरा खुणेशी जुळवून ती अलगद बसवली. मग चिमट्याने बोर्डावरची एक इवलीशी टोपी एका काडीवरून दुसरीवर सरकवली. "हा क्लॉक स्पीड. आतला ठोका म्हण. तो जलद, तर सगळं जलद."

खरंच, मशीन बघता बघता सुरू झालं. काकू टक्क जागी, पाठीला उशी लावून बसलेली. कप आला आणि गेला. किल्ली, छत्री, चिमणी, सगळं झर्रकन. काकूचे ओठ नुसते हलून राहिले.

चित्र जरा सरकलं की मशीनने मनातल्या मनात आकडे मोजत थांबायचं, अशी त्या प्रोग्रॅमची रीत. नवा प्रोसेसर तेच आकडे चुटकीसरशी मोजून मोकळा होत होता. जन्मभर लिफ्ट हळुवार थांबवणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये? मला त्यांचा रागच आला. काकांचं तोंड एवढंसं झालं.

"थांब हं, मी मोजायचा आकडा वाढवतो," असं पुटपुटत ते चष्मा शोधायला उठले.

"गेली," काकू म्हणाली.

स्क्रीन काळी होती. काकूला कुणी काही विचारलं नव्हतं.

काका होते तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. "काय गेली गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

काकूने बराच वेळ घेतला. आम्ही दोघं थांबलो.

"चिमणी," ती म्हणाली. मग डाव्या हाताने काकांची बाही ओढली. "परत आण."

काकांना कीबोर्डवरची अक्षरं दिसेनात. आकडा शेवटी मीच घातला, ते सांगत गेले तसा.