गायकवाडकाकांचं उतरणं

बदलापुरातल्या मांजर्लीत आमच्या बिल्डिंगखाली माझ्या स्कूटरवर बसण्याआधी गायकवाडकाका तिला एक पूर्ण प्रदक्षिणा घालत. टायर दाबत, ब्रेक ओढून बघत, टाकीचं झाकण उघडून आत डोकावत. मी दातओठ खात उभा. "वर गेल्यावर कडेला लावता येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "काका, आपण बारवी धरणाच्या रस्त्याने चाललोय, वर नाही," हे माझं.

काका निवृत्त वैमानिक. साखरेच्या आजारापायी मोठी विमानं सुटली होती. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास बदलापूरच्या पुढे एका माळावर दोन माणसांची हलकी विमानं उडवायला शिकवणारा क्लब निघाला, आणि तेवढ्याला डॉक्टरही हो म्हणाले. लायसन जुनं होतंच. पण ह्या विमानात एकट्याने उडायचं तर शिकवणाऱ्याची सही हवी. मरायच्या आधी एकदा एकट्याने उडायचं, एवढीच म्हाताऱ्याची हौस. दर रविवारी ती मी स्कूटरवरून वाहून नेई.

शिकवणारा उल्हासनगरचा लालवानी, तिशीही न गाठलेला. वर काका झकास उडवत. घोळ व्हायचा उतरताना. मोठ्या विमानात वैमानिक उंचावर बसतो. तिथून जमीन जेवढी लांब दिसे, तेवढी दिसली की काका विमानाचं नाक वर घेत. इथे तेव्हा चाकं अजून हवेतच असत. हलकं विमान लगेच वेग टाकी आणि धपकन आपटे.

"सर, अजून खाली येऊ द्या ना. इतनी जल्दी नहीं," लालवानी उतरल्यावर काकुळतीला येई.

"मला जमीन दाखवतोस? तू जन्मायच्या आधीपासून उतरतोय मी!"

असे कितीतरी रविवार वाया गेले. मी म्हणे, "काका, ऐका की त्याचं!" तर म्हणत, "अरे, डोळे माझे आहेत ना?"

मेच्या अखेरीस एकदा मात्र विमान असं अलगद टेकलं की मी बघतच राहिलो. लालवानी उडी मारून बाहेर आला. "सर, हो गया! सही करतो, आता एकटे जा."

काका बसूनच राहिले. त्या विमानात दोघांपुढचे दांडे जोडलेले असतात. एकाने हलवला की दुसऱ्याचाही हलतो.

"तुझा हात होता दांड्यावर," ते म्हणाले.

"नाही सर, कसम से!"

"माझं मन राखू नकोस. मी असा उतरत नाही." आणि तडक स्कूटरकडे निघाले.

मी रस्ताभर ओरडत होतो, "घेऊन टाकायची ना सही!" मागून शांतपणे उत्तर आलं, "पुढच्या वेळी. माझ्या हाताने."

पावसाळ्यात माळ बंद असतो. जुलैत काका झोपेतच गेले.

काकांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, लालवानी आला. जिन्यातच मी त्याला अडवलं. "खरं सांग. हात लावला होतास?"

"नहीं दादा. दोन्ही हात मांडीवर होते. सरांना किती बोललो, मानलेच नाहीत."

मी वर जाऊन काकांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, फक्त स्वतःवर भरवसा ठेवला; आणि ज्या दिवशी तो ठेवायला हवा होता, नेमका त्याच दिवशी ठेवला नाही. मला अजून त्यांचा राग येतो.