हजेरीवर असलेली मुलगी

सेवेतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण बंधाऱ्यावरच्या शिबिराची ती घटना आजही आठवते. आठवली की आधी माझाच राग येतो, मग इतरांचा.

मी तेव्हा मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या एका महाविद्यालयाचे वीस विद्यार्थी आणि एक प्राध्यापक श्रमदानासाठी आमच्या हद्दीतल्या एका गावात आले होते. मुक्काम सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या शाळेत. काम म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, त्या ओढ्यात रचायच्या आणि वनराई बंधारा बांधायचा. असे बंधारे आमच्याकडे दर वर्षी होतात आणि गावाला त्यांचा खरा उपयोग होतो. शिबिरार्थींची नावे, आधार क्रमांक आणि पालकांचे फोन मी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवले होते. यादी असली की निम्मे काम झाले, असे तेव्हा मी मानत असे.

बुधवारी दुपारी पुण्याहून एका वडिलांचा फोन आला. मुलीचा मोबाइल कालपासून लागत नव्हता. मी एका हवालदाराला शाळेवर पाठवले. तासाभरात तो परत आला.

“साहेब, मुलगी आहे. कालची सही आहे, आजचीही आहे. सर म्हणाले, सगळी पोरं ओढ्यावर आहेत.”

त्या भागात मोबाइलला धड रेंज नसते, हे मला ठाऊक होते. मी ठाणे दैनंदिनीत नोंद केली, ‘विद्यार्थिनी शिबिरात सुखरूप, खात्री केली’, आणि संध्याकाळी वडिलांना तसे कळवले. त्यांनी दोनदा आभार मानले.

गुरुवारी सकाळी साडेनऊला गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. “साहेब, जरा येवा. जेवण करणारी बाई काय सांगता ता तुमी स्वतः आयका.”

ही बाई शिबिराचा स्वयंपाक करत असे. पोरे एकमेकांची ताटे उचलतात आणि मग भांडतात, म्हणून तिने प्रत्येक ताटामागे नेलपॉलिशने नंबर घातला होता. ज्याने त्याने आपले ताट धुवायचे आणि पडवीतल्या फळीवर पालथे घालायचे. तिने त्याच मुलीचे, सतरा नंबरचे ताट माझ्यापुढे धरले. कोरडे होते आणि त्यावर धूळ बसली होती.

“मंगळवारी माका वाटला, उपास आसात. काल वाटला, बरा नसात. आज आंबोळ्यो आनि काळ्या वाटाण्याचा सांबारा केलंय, तरी ताट जागच्या जागी. मैत्रिणीक विचारलंय, तर म्हणता तिला भूक नाही. दोन दिस भूक नाय? पोरगी खंय गेली ता माका ठावक नाय साहेब, पण ती जेवली नाय ह्या नक्की.”

प्राध्यापकांनी हजेरीवही पुढे केली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवशी सही. “सही आहे ना!” असे ते सारखे म्हणत होते, जणू त्या वहीतून मुलगी बाहेर येणार होती. मी मुलांना पटांगणात उभे केले आणि स्वतः मोजले. एकोणीस भरले.

त्या क्षणापासून मला तिथला प्रत्येक माणूस संशयित वाटू लागला. प्राध्यापक घाम पुसत होते. ते घाबरले होते की काही लपवत होते? मुले एकमेकांच्या पायांकडे पाहत होती. एकाने घाईघाईने सांगितले, की मंगळवारी सकाळी ती शाळेबाहेर एका रिक्षावाल्याशी बराच वेळ बोलत होती. गावाबाहेरची मुलगी, गावातला रिक्षावाला, तीन दिवस. मी लगेच हवालदाराला त्याला आणायला पाठवले.

तोवर मुलांना एकेक करून वर्गात बोलावले. धमकावले नाही. प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारला.

“आज सकाळी तिने नाश्त्याला काय खाल्लं?”

पहिला म्हणाला, पोहे. दुसरी म्हणाली, बिस्किटे. तिसरा म्हणाला, तिचा उपास होता. चौथ्याने आंबोळी सांगितली आणि वर “तीन खाल्ल्या” अशी भर घातली. खोटे बोलणारा माणूस ठरवून ठेवलेल्या प्रश्नाला तयार असतो, पण नाश्त्याचे कोणी ठरवत नाही. पाचवी मुलगी तिच्या शेजारी झोपणारी मैत्रीण होती. प्रश्न ऐकताच ती रडायला लागली.

“सर, आम्ही प्रॉक्सी लावली.”

“म्हणजे?”

“तिची सही आम्ही आळीपाळीने करत होतो. कॉलेजात करतो तशी. सर नावं पुकारत नाहीत, वही फिरवतात. एक जरी न सांगता बाहेर गेला तर सगळ्या ग्रुपचं प्रमाणपत्र रद्द, असं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ती मंगळवारी म्हणाली, कुडाळला जाऊन संध्याकाळपर्यंत येते.”

“आणि आली नाही, तेव्हा?”

“आम्हाला वाटलं, ती कोणासोबत तरी गेली. सांगितलं असतं तर तिच्या घरी कळलं असतं. आम्ही तिला सांभाळून घेत होतो, सर.”

पोरीच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. मैत्री निभावत असल्याची तिची खात्री होती आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. कोणासोबत? नाव माहीत नव्हते. असा कोणी आहे का? तेही माहीत नव्हते. एका अंदाजावर एकोणीस जण तीन दिवस गप्प बसले होते.

एवढ्यात रिक्षावाला आला. पन्नाशीचा माणूस. खाकी शर्टाचे बटण लावत लावतच मला म्हणाला, “साहेब, तिना माका इचारल्यान, कुडाळाची यष्टी खंय मिळता. मी म्हटलंय, बस, तिठ्यार सोडतंय. तर म्हणता, नको काका, मोबाइलात जवळची वाट दाखवता, चालत जाते. माझ्या रिक्षेक नाय म्हटल्यान, आनि तुमी माकाच धरलास!”

“कुठून गेली ती?”

“शाळेच्या पाठसून. सड्यार.”

हे ऐकताच शेजारी उभे असलेले पोलीस पाटील एकदम ताठ झाले. सडा म्हणजे गावामागचा जांभ्या दगडाचा माळ. पावसाळ्यानंतर तिथे कमरेच्या वर गवत वाढते आणि ते कापून होईपर्यंत गावातले कोणी तिकडे पाऊल टाकत नाही. मोबाइलच्या नकाशाला हे माहीत नव्हते आणि मुलीला ते कोणी सांगितले नव्हते.

“साहेब, गवात कापल्याबगर त्या वाटेन कोण जाणा नाय,” पाटील म्हणाले. “मधी चिऱ्याची जुनी खाण आसा. गवतात दिसणा नाय.”

रिक्षावाल्याची मी तिथेच माफी मागितली. त्याने ती नीट ऐकूनही घेतली नाही. आमच्याआधी तोच कोयता घेऊन सड्यावर चढला.

वीस-पंचवीस माणसे ओळीने गवत कापत पुढे सरकत होती. पाटील हाका मारत होते, “गोऽऽ बाये!” दुपारचे दोन वाजत आले होते. मी बेपत्ता नोंदीचा मजकूर मनात जुळवत होतो आणि तो वाईट मजकूर होता. अचानक रिक्षावाल्याने हात वर केला. दगडावर धातू आपटल्याचा बारीक आवाज येत होता. ठक्, थांबून पुन्हा ठक्.

खाण दोन पुरुष खोल होती. चिरे कापून काढलेल्या सरळ भिंती, कोपऱ्यात पावसाचे हिरवे पाणी. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, हातात स्टीलची बाटली होती आणि शेजारी पडताना फुटलेला मोबाइल होता. उजवा पाय घोट्याशी मोडला होता आणि जखम काळी पडली होती. आम्ही दोर लावून खाली उतरलो. तिने आधी वार विचारला. गुरुवार, म्हटल्यावर म्हणाली, “मग फॉर्म राहिला.”

एका परीक्षेचा अर्ज भरायची मुदत बुधवारी संपली होती. शाळेजवळ अर्ज भरण्याइतकी रेंज नव्हती, म्हणून ती कुडाळच्या सायबर कॅफेत निघाली होती. सोबत कोणीच नव्हते, कधी कोणी नव्हतेच. आदल्या दिवशी दुसऱ्या एका मुलीला सरांनी रजा नाकारली होती, म्हणून हिने विचारलेच नाही.

रुग्णवाहिकेत तिने आणखी एक गोष्ट सांगितली. खाणीतून तिला ओढ्यावरच्या मुलांची गाणी ऐकू येत होती. ती ओरडायची, पण गाणे चालू असायचे. बुधवारी दुपारी शाळेपाशी थांबलेल्या मोटारसायकलचा आवाजही तिने ऐकला होता. ती माझ्या हवालदाराची होती.

जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. आदल्या दिवशी आणली असती तर साधे ऑपरेशन झाले असते. आता जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला होता. पाय वाचला, पण घोटा कायमचा आखडला.

प्रमाणपत्रांचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. मुलांच्या सह्यांविषयी मी महाविद्यालयाला सविस्तर लिहिले आणि माझ्या लेखी तो विषय तिथे संपला. त्या मुलांनी कोरा रकाना भरला होता. मी तर भरलेला रकाना पाहून तपास थांबवला होता, आणि तेही पोलिसाचा पगार घेऊन.

शुक्रवारी सकाळी वडील रेल्वेने आले. मुलीला भेटून बाहेर आले आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसले. ते ओरडतील, तक्रार करतील, अशी माझी तयारी होती.

“बुधवारी संध्याकाळी तुमचा फोन आला,” ते म्हणाले, “आणि आम्ही दोघं पोटभर जेवलो, साहेब.”

एवढेच बोलून ते चष्मा पुसत बसले.

मी ठाण्यात परतलो. ठाणे दैनंदिनीतली नोंद खोडता येत नाही आणि मला ती खोडायचीही नव्हती. त्या दिवसाच्या पानावर नवी नोंद केली, ‘बुधवारची नोंद चुकीची होती. मुलीला कोणीही प्रत्यक्ष पाहिले नव्हते,’ आणि खाली सही केली. पुढे निवृत्त होईपर्यंत कोणी ‘खात्री केली’ म्हणाले की मी विचारायचो, “तू स्वतः पाहिलंस? बोललास?” नवे अंमलदार माझ्यामागे या प्रश्नाची नक्कल करून हसत. करू दिली. पुढे त्यातल्या एकानेही स्वतः न पाहता उत्तर दिले नाही.