देवानंदची गाठ

भिलाईच्या रिसालीतल्या त्या गल्लीत काही उचलायचं, चढवायचं किंवा ओढायचं असलं की बळीरामची आठवण व्हायची. गच्चीवर पाण्याची टाकी न्यायची असो की बोअरमधली मोटार वर काढायची असो, बळीराम हवाच. अठ्ठावीस वर्षं त्यानं एका खाजगी कारखान्यात खलाशाची नोकरी केली होती. भिलाईत खलाशी म्हणजे दोर, साखळी आणि ब्लॉक लावून अवजड माल उचलणारा माणूस. ब्लॉक म्हणजे आपली कप्पीच, फक्त लोखंडी गालांची. समुद्र त्यानं कॅलेंडरवर पाहिला असेल तेवढाच, आणि तळ्याच्या काठाशी उभं राहिलं तरी त्याचे पाय लटपटत.

म्हणून त्याची नात ऐश्वर्या कॉलेजच्या कॅडेटांसोबत तलावावर शिडाची नाव चालवायला जाऊ लागली, तेव्हा गल्लीनं त्याला सोडलं नाही. "आता खरी खलाशीण निघाली घरात!" बळीराम हसायचा. तो सगळ्याच गोष्टींना हसायचा. बावीस वर्षांपासून त्याला दुसरं काही जमत नव्हतं, आणि ते का, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी ऐश्वर्यानं ओट्यावर सामान मांडलं. तडकलेला जुना ब्लॉक, बोटाएवढा दोर, आणि पुण्याहून कुरियरनं आलेले दोन नवे ब्लॉक, एक लहान आणि एक चांगला दणकट.

"आजोबा, यातला एक ठेवायचा, एक वापस करायचा. उद्या रेस आहे. सर बोलले, डाउट हो तो बडा वाला लो."

बाजूला सिंधुताई लाखोरीची पालेभाजी निवडत बसली होती. ती शेजारीण. तिचा नवरा देवानंद, बळीरामचा कारखान्यातला जोडीदार, कामावरच्या अपघातात गेला तेव्हापासून एकटी. तिचा मुलगा भूषण आता रायपूरला नोकरीला होता. दर भाऊबीजेला ती बळीरामला ओवाळायची. या माणसानं तिच्या घराच्या भिंती उभ्या करताना स्वतः विटा वाहिल्या होत्या. गल्ली म्हणायची, सख्खा भाऊ करणार नाही एवढं यानं केलं. लोकांचं काय, लोक विटा मोजतात.

बळीरामचा हात आपसूक मोठ्या ब्लॉककडे गेला. त्याच्या उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलेलं ते एकच वाक्य सगळ्या खलाशांना पाठ असे: शंका आली का एक नंबर मोठा घ्यायचा. कमी पडलं तर माणूस मरतो, जास्त झालं तर कुणी मरत नाही. ऐश्वर्यासाठी तर त्यानं हत्ती टांगायचा ब्लॉक आणला असता.

सवयीनं त्यानं दोर चाकावरून ओवला आणि तिरका ओढून पाहिला. दोर बारीक होता, चाकाची खोबण रुंद होती. तो खोबणीतून चढला, घसरला आणि चाक आणि गाल यांच्या फटीत जाऊन बसला. बळीरामनं हिसका दिला. दोर हलेना.

"हा दोर कायचा हाय?"

"शिडाचा. हवा जोरात आली का ढिला सोडावा लागते. नाही सुटला तर बोट पलटते."

बळीरामनं मोठा ब्लॉक मांडीवर घेतला. मग त्यानं दोर उपसून काढला, लहान ब्लॉकमध्ये ओवला, तिरका ओढला, पुन्हा ओढला. फट इतकी कमी होती की नख शिरत नव्हतं. त्यानं ब्लॉकच्या अंगावरचा आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"इथं लिवलं हाय किती वजन पेलते ते. दोर वळून परत येते, म्हून ब्लॉकवर दुप्पट जोर पडते. दुप्पट धरला तरी हा पुरते. लहानच घे."

"पण आजोबा, तुम्हीच तर नेहमी सांगता, एक नंबर मोठा घ्यावा म्हणून! मीच सरले सांगितलं ते. बाकीच्या चार बोटीलेही मोठेच लावून राहिले."

बावीस वर्षं हा माणूस ज्या वाक्याला भीत होता, तेच वाक्य दिमाखात सगळ्यांना वाटत होता. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात ना, तसं.

"ब्लॉकचं सोड पोरी," सिंधुताई भाजीवरून मान न उचलता म्हणाली. "तू गाठ नीट मारत जा. आमच्या यायच्यासारखी नोको. भाऊनं तर मोठा ब्लॉक देल्ता, पन यायची गाठच कच्ची. भूषणले मी नेहमी म्हनतो, तुह्या बापानं एक गाठ नीट मारली असती तं तू बिनबापाचा वाढला नसता."

तिनं हे आधीही शंभरदा म्हटलं होतं, आणि शंभरदा बळीरामनं मान खाली घातली होती. आज त्याच्या मांडीवर तो मोठा ब्लॉक होता.

"सिंधुताई," तो म्हणाला, "गाठ कच्ची नोती."

तिचे हात थांबले.

"त्या दिवशी पाईप चढवाचा होता आन् दोर बारीक होता. ब्लॉक मीच काढून देल्ता, एक नंबर मोठा. देवानंद म्हने, दादा, याची खोबन रुंद हाय. मी म्हनलं, मले शिकवतं काय? पाईप वर गेला आन् दोर फटीत घुसला. अस्साच. घासून घासून तुटला. पाईप त्याच्यावर पडला."

"मंग गाठ सुटली म्हने ना? चौकशीत आलं ना?"

"सारे त्याले घेऊन दवाखान्यात पळाले. मी मांगं रायलो. पाईपाले बांधलेला तुकडा गाठीसकट भट्टीत टाकला. वरच्या दोराचं फाटकं टोक छाटलं. साहेब आले तवा गाठच नोती. म्या म्हनलं, सुटली."

ऐश्वर्या एकदा आजोबांकडे, एकदा सिंधुताईकडे बघत राहिली.

सिंधुताई रडली नाही, ओरडलीही नाही. बळीरामला वाटलं होतं, ती भाजीचं सुपडं तोंडावर फेकेल. तिनं फेकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "ते गाठ पक्की होती?"

"पक्की होती. मी सोडून पायली, दोनी हातानं. सुटली नाई. तशीच टाका लागली."

सिंधुताईनं पदरातले देठ झटकले आणि उठली. निवडलेली भाजी ओट्यावरच राहिली. आपल्या फाटकाशी ती क्षणभर थांबली, पण वळली नाही. यंदाच्या भाऊबीजेला ती येणार नाही, हे बळीरामला तिच्या पाठीवरूनच कळलं. पुढच्याही नाही.

ऐश्वर्यानं मोठा ब्लॉक खोक्यात ठेवला आणि फोन लावला. "सर, चारों बोट के बडे ब्लॉक निकालने पडेंगे. हां, आज ही." कारण तिनं सांगितलं नाही. आजोबांजवळून उठून ती आत गेली. रोज जाताना ती त्यांच्या टकलावर टपली मारायची, ती आज मारली नाही.

ऊन उतरलं तरी बळीराम ओट्यावरच बसून होता. मधल्या भिंतीपलीकडे सिंधुताईच्या घरात फोन लागल्याचा आवाज आला. त्या भिंतीच्या विटाही त्यानंच वाहिल्या होत्या, पण भिंत पातळ होती. सगळं ऐकू येत होतं.

"भूषण," ती म्हणत होती, आणि आता ती रडत होती, "जेवला काय रे? आयक. तुह्या बाबाची गाठ पक्की होती. हो रे. पक्की होती. मीच त्यायले बावीस वर्सं बोल लावत रायली."